यंत्र तयार आहे, पाण्याचं तेवढं बघा

भांडी धुण्याचं यंत्र अनेक प्रकारांनी बंद पडतं, पण त्यातला सर्वांत अपमानास्पद प्रकार म्हणजे त्यात पाणीच न भरणं. यंत्र जळालं तर निदान धूर येतो आणि घरातल्यांना धावपळ करायला मिळते. गळायला लागलं तर कपाटातले जुने टॉवेल कामी येतात. पाणी न भरणारं यंत्र मात्र फार सभ्यपणे वागतं. बटण दाबलं की दिवा लागतो, आतून घरघर ऐकू येते, आपण निश्चिंत मनाने बाहेर येऊन बसतो. चार-पाच मिनिटांनी स्वयंपाकघरातून बारीक शिट्टी ऐकू येते. जाऊन पाहावं तर पडद्यावर नळाचं एवढंसं चित्र उघडझाप करत असतं. आत आमटीच्या वाट्या, पोह्यांची कढई आणि साबणाची वडी, सगळं जसंच्या तसं. यंत्राचं म्हणणं एवढंच, की मी तयार आहे, पाण्याचं तेवढं बघा.

हे यंत्र आपल्याकडे आधीही मिळत होतं, पण मध्यमवर्गाने त्याच्याकडे गांभीर्याने पाहिलं ते २५ मार्च २०२० नंतर. टाळेबंदी लागली, भांड्यांच्या मावशी सोसायटीच्या फाटकाबाहेर राहिल्या आणि स्त्री-पुरुष समानतेवर अधिकारवाणीने बोलणारे अनेक गृहस्थ आयुष्यात प्रथमच सिंकसमोर उभे राहिले. तळाला लागलेलं दुधाचं पातेलं घासायला किती वेळ लागतो, हे ज्ञान त्यांना तिथे झालं. त्यानंतर यंत्राच्या किमतीवर घरात वाद झाले नाहीत. कंपन्यांनीही आपली नस ओळखली. काही यंत्रांवर चक्क ‘कढई’ नावाचा ७० अंशांचा प्रोग्रॅम आला. तळणीच्या तेलाचा विचार झाला, हळदीच्या डागांचा झाला. पाण्याचा मात्र कोणी केला नाही, कारण नळ सोडला की पाणी येतं, हे यंत्र घडवणाऱ्या देशांत सगळे धरूनच चालतात.

तशी ही अडचण यंत्राइतकीच जुनी आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल गावच्या जोसेफिन कॉक्रेन बाईंनी १८८६ साली आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं. बाई सधन घरातल्या. नोकरांच्या हातून ठेवणीतल्या चिनी मातीच्या बशांचे टवके उडत, याचा त्यांना संताप. मग त्यांनी बशा तारेच्या कप्प्यांत बसवून त्यांच्यावर साबणाच्या गरम पाण्याचा मारा करणारं यंत्र बनवलं. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते गाजलं, हॉटेलांनी उचललं. घरांत मात्र शिरेना. कारण बहुतेक घरांतल्या बंबांना तेवढं गरम पाणी पुरवता येत नव्हतं आणि पुष्कळ ठिकाणचं पाणी इतकं जड होतं की साबणाला फेस येत नसे. म्हणजे यंत्र तेव्हाही तयारच होतं. शेल्बीव्हिलमध्ये जे अडलं, तेच पुढे टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या आपल्या उपनगरांत अडलं.

यंत्राला पाणी लागतं तरी किती? एका फेरीला साधारण ९ ते १२ लिटर. नळ धो धो सोडून भांडी विसळणाऱ्याला हा आकडा चेष्टाच वाटेल. पण ते थोडं पाणी त्याला शिस्तीत हवं असतं. बटण दाबल्यावर यंत्र आधी पोटात राहिलेलं जुनं पाणी बाहेर टाकतं. ती पहिली घरघर. मग आतली विजेवर चालणारी झडप उघडते आणि पाणी आत येऊ लागतं. वाटेत एक छोटी चक्री बसवलेली असते, ती फिरते आणि किती पाणी आलं ते मोजते. ठरल्या वेळात ठरलेला आकडा भरला नाही, की यंत्र हात वर करतं. त्याला दया नाही, अंदाज नाही आणि ‘बघू, येईल थोड्या वेळात’ हा मराठी माणसाला तारून नेणारा आशावादही नाही.

शिट्टी वाजली की घरात तज्ज्ञ जमतात. पहिला तज्ज्ञ शाळकरी असतो. तो म्हणतो, ‘बंद करून परत चालू करा.’ त्याच्या पिढीचा हा सर्व रोगांवरचा उपाय आणि पुष्कळदा तो लागूही पडतो, म्हणून त्याला गप्प करता येत नाही. याच तज्ज्ञाने आदल्या दिवशी खेळता खेळता उशिरा सुरू होण्याचं बटण दाबून ठेवलेलं असणं, हीही एक शक्यता असते. अशा वेळी सगळं घर रात्री नऊला यंत्राभोवती चिंतेत बसतं आणि पहाटे तीनला ते आपोआप सुरू होऊन सगळ्यांना जागं करतं.

दुसरे तज्ज्ञ म्हणजे पहिल्या मजल्यावरचे काका. त्यांचा पिंड दूरदर्शनच्या काळातला. टीव्हीला वरून एक थाप मारली की चित्र स्थिर व्हायचं, हा त्यांच्या तांत्रिक शिक्षणाचा पाया. ते यंत्राला एक थाप मारतात, कान लावतात आणि म्हणतात, ‘मोटर गेली.’ घरातली कोणतीही वस्तू बंद पडली की काकांच्या मते मोटर गेलेली असते. मागे एकदा भिंतीवरच्या घड्याळाचीही गेली होती.

तिसरं मत सासऱ्यांचं. ते खुर्चीतून न उठता दिलं जातं. ‘आमच्याकडे राखेने भांडी घासायचे. काय लखलखायची!’ त्यावर सासूबाई आतून विचारतात, ‘लखलखायची हो, पण घासत कोण होतं?’ ही चर्चा तिथेच संपते आणि लोक पुन्हा यंत्राकडे वळतात.

खरी तपासणी फार साधी आहे आणि ती नळापासून सुरू होते. यंत्रासोबत येणाऱ्या पुस्तिकेत पहिलाच प्रश्न असतो, ‘पाण्याचा नळ उघडा आहे का?’ हा प्रश्न वाचून सुशिक्षित माणूस दुखावला जातो आणि थेट शेवटच्या पानावर, सुटे भाग बदलण्याकडे जातो. वास्तविक ओट्याखालचा तो अँगल कॉक बंद करणारे हात घरात पुष्कळ असतात. गावाला जाताना कोणी बंद करतं, सिंकचा वॉशर बदलताना प्लंबर बंद करतो, डबे कोंबताना कोणाचा तरी धक्का लागतो. त्यानंतर पाइप. यंत्र मागे ढकलून भिंतीला टेकवलं की पाइपाला मोड पडतो आणि त्या मोडापुढे पाणी जात नाही.

पाइपानंतर जाळी. पाइप यंत्राला किंवा नळाला जिथे जोडलेला असतो, तिथे बोटाच्या पेराएवढी एक बारीक जाळी असते. तिच्यात काय काय सापडतं याची यादी केली तर इमारतीचा इतिहास हाती येतो. बांधकामाच्या वेळची वाळू, पाइपांचा गंज, टेफ्लॉन टेपचे तुकडे, बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार. सोसायटीने टाक्या धुऊन घेतल्या की सेक्रेटरी मोठ्या अभिमानाने सूचना लावतात आणि दुसऱ्या दिवशी इमारतीतली यंत्रं पटापट शिट्ट्या मारू लागतात, कारण टाकीच्या तळाचा ढवळलेला गाळ खाली उतरून जाळ्यांत बसलेला असतो. स्वच्छतेची किंमत कोणाला तरी मोजावीच लागते.

जाळी साफ असेल तर दाराकडे पाहावं. खालच्या कप्प्यात ठेवलेल्या उलथन्याचा दांडा एवढासा बाहेर आला तरी दार पुरतं लागत नाही आणि दार लागल्याची खूण पटल्याशिवाय यंत्र पाण्याला हात लावत नाही. आपल्या झाऱ्या-पळ्यांची लांबी ठरली तेव्हा हे यंत्र कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्यातून दोघांपैकी माघार कोणी घ्यायची, यावर अजून तोडगा निघालेला नाही.

दारानंतर तळ. पुष्कळ यंत्रांच्या बुडाशी एक ताटली असते आणि तीत एक तरंगता ठोकळा. कुठून पाणी झिरपून ताटलीत जमलं की ठोकळा वर उचलला जातो, एक कळ दाबली जाते, बाहेरून येणारं पाणी बंद होतं आणि उपसा पंप सुरू होतो. म्हणजे घरात पूर येऊ नये म्हणून यंत्र स्वतः कोरडं राहतं. यंत्र हळूच मागे कलतं करून ते पाणी काढून टाकलं की ठोकळा खाली बसतो. हे काम करण्यापूर्वी प्लग काढावा आणि भांडी काढावीत. पहिली सूचना सगळे पाळतात. दुसरी न पाळल्याचा आवाज दोन मजल्यांपर्यंत जातो. शिवाय पाणी कशाने झिरपलं ते शोधावं लागतंच, नाहीतर ठोकळा पुन्हा वर.

कधी कधी यंत्र पाणी घेतं, पण ते टिकत नाही. सांडपाण्याचा पाइप जमिनीलगत टाकला असेल तर भरलेलं पाणी आपोआप ओढलं जाऊन मोरीत निघून जातं. यंत्र भरतं आहे, पाणी जातं आहे, असा तो संसार चालू राहतो. त्या पाइपाला ओट्याच्या उंचीपर्यंत वर नेऊन मग खाली सोडलं की प्रश्न मिटतो.

एवढं सगळं तपासूनही शिट्टी थांबत नसेल तर एकदा गच्चीवर जाऊन यावं. बिल्डर सर्वांत वरचा मजला जास्त पैसे घेऊन विकतो. वारा आहे, टेकडी दिसते, डोक्यावर कोणी खुर्च्या सरकवणार नाही, असं तो सांगतो आणि ते सगळं खरंही असतं. पाणी स्वतःच्या वजनाने खाली येतं, हे मात्र तो सांगत नाही. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण १ बार. यंत्राच्या पुस्तिकेत किमान दाब पुष्कळदा ०.५ बार असा दिलेला असतो; काही ठिकाणी तोच ०.०५ मेगापास्कल असा छापतात, म्हणजे कोणी जास्त विचारायला नको. ०.५ बार याचा अर्थ, यंत्राच्या नळापेक्षा टाकीतलं पाणी ५ मीटर उंच हवं. आता हिशेब करा. टाकी गच्चीवर दीड मीटरच्या कट्ट्यावर. यंत्राचा नळ ओट्याखाली, म्हणजे गच्चीपासून अडीच मीटर खाली. बेरीज चार मीटर. टाकी काठोकाठ असेल तर वर आणखी मीटरभर पाणी, की जेमतेम गाठ पडते. त्यातूनही पाइपाची वळणं, कॉक आणि जाळ्या आपापला हिस्सा कापून घेतात. रात्री टाकी तळाला गेली की तेही गेलं. म्हणून वरच्या मजल्यावरचं यंत्र सकाळी गुमान चालतं आणि रात्रीच्या जेवणानंतर, म्हणजे नेमकं हवं तेव्हा, शिट्टी मारतं.

दर मजल्याला साधारण तीन मीटर, म्हणजे ०.३ बार दाब वाढत जातो. त्यामुळे पहिल्या मजल्यावरच्या काकांचं यंत्र पाणी गटागटा पितं. ‘आमचं बघा, एकदाही अडलं नाही,’ काका लिफ्टमध्ये सांगतात, ‘वापरायची पद्धत असते.’ काकांचा हा विजय पद्धतीचा नसून मधल्या सहा मजल्यांचा असतो, पण लिफ्टमध्ये भौतिकशास्त्र समजावण्याइतका वेळ मिळत नाही.

यावर उपाय आहे. गच्चीवरून येणाऱ्या वाहिनीला दाब वाढवणारा छोटा पंप बसवता येतो. पण गच्ची सगळ्यांची, टाकी सगळ्यांची, त्यामुळे विषय सोसायटीच्या बैठकीत जातो. तिथे पार्किंग आणि भटकी कुत्री हे विषय संपून पंपापर्यंत पोहोचायला रात्रीचे साडेअकरा वाजतात. एक सभासद विचारतात, आवाज येणार का? दुसरे विचारतात, वीज कोणाच्या मीटरवर? मग सेक्रेटरी दूरदृष्टीने म्हणतात, ‘आज डिशवॉशरला पंप दिला, तर उद्या कोणी जकुझीला मागेल.’ सभागृहात शांतता पसरते. जकुझी कोणाकडेच नसते, पण शेजाऱ्याकडे येईल या भीतीने ठराव पुढे ढकलला जातो.

पुणेकरांना तर हे सगळं फार ओळखीचं. इथे दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचा ठरलेला वार म्हणजे बहुधा गुरुवार आणि त्या निवेदनाचं शेवटचं वाक्य लहान मुलांनाही पाठ असतं: शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल. वर्तमानपत्र जे एका वाक्यात सांगतं, तेच यंत्र नळाच्या चित्राने सांगतं. फरक इतकाच की वर्तमानपत्रावर कोणी थाप मारून पाहत नाही.

इतकं होऊनही आपण शेवटी कंपनीला फोन करतोच. दोन-तीन दिवसांनी तंत्रज्ञ येतो. मोबाइलच्या उजेडात इकडेतिकडे पाहतो आणि म्हणतो, ‘सर, मशीन ओके आहे. पाणी कमी येतंय. प्लंबरला दाखवा.’ मग प्लंबरला बोलावायचं. तो यंत्राचा पाइप काढतो, नळ बादलीत सोडतो, बादली भरून दाखवतो, थोडी जमिनीवरही भरून दाखवतो आणि म्हणतो, ‘पाणी फुल्ल आहे साहेब. फॉल्ट मशीनमध्येच.’ दोघेही खरं बोलत असतात. मोकळ्या नळातून बादली भरणं वेगळं आणि जाळी, झडप, चक्री ओलांडून वेळेत आत पोहोचणं वेगळं. तंत्रज्ञाची हद्द पाइपापाशी संपते, प्लंबरची नळापाशी संपते आणि बिचारी जाळी बरोबर मधोमध, दोन गावांच्या शिवेवरच्या विहिरीसारखी. पाणी दोघांना दिसतं, गाळ काढायला कोणीच येत नाही.

प्लंबरला एकटं सोडू नये, हे मात्र आवर्जून सांगतो. काही यंत्रांचा पाण्याचा पाइप जाड, दुहेरी असतो आणि नळाकडच्या टोकाला एक ठोकळा असतो. गळती झाली तर तिथल्या तिथे पाणी तोडणारी झडप त्यात असते आणि विजेच्या ताराही त्या पाइपातूनच गेलेल्या असतात. प्लंबरला त्यात फक्त नको तितकी लांबी दिसते. ‘साहेब, हा कापून साधा टाकू का? मस्त फिटिंग करून देतो.’ या प्रश्नाला उत्तर देताना आवाजात जरब हवी.

शेवटी जाळी धुतली जाते, बहुधा घरातल्याच जुन्या टूथब्रशने. यंत्र सुरू होतं. तंत्रज्ञ भेटीचे पैसे घेतो आणि अहवालावर लिहितो, ‘वॉटर इनलेट इश्यू. कस्टमर एंड.’ म्हणजे दोष गिऱ्हाइकाकडचा. गिऱ्हाईक सही करतं.

या सगळ्या काळात मावशी येत असतात. टाळेबंदी उठली तशा त्या परत आल्या आणि यंत्राकडे त्यांनी पहिल्या दिवशीच नीट पाहून घेतलं. ॲल्युमिनियमचं पातेलं त्यात काळं पडतं, बिडाचा तवा गंजतो, नॉनस्टिकचा लेप जातो, लाकडी पोळपाट फुगतो, तांब्या-पितळेची झळाळी उतरते. हे ऐकल्यावर मावशींनी कामाची वाटणी जाहीर केली: ‘म्हंजे कपबश्या आन् चमचे त्याला, कढया-तवे मला. पगार तेवढाच हां, ताई.’ यंत्र आल्यावर पगार कमी होईल असं ज्या घरांना वाटलं होतं, त्या घरांत आता यंत्राचा हप्ता आणि मावशींचा पगार शेजारी शेजारी उभे आहेत.

शिट्टी वाजलेल्या दिवशी मावशी आत डोकावून म्हणाल्या, ‘पाणी न्हाई मिळालं व्हय त्याला? मी घालू का बादलीनं?’ सूचना चुकीची असली तरी भावना चांगली होती. वरून घातलेलं पाणी त्या चक्रीतून गेलेलं नसतं, म्हणून ज्या यंत्रात चक्री असते ते यंत्र अशा पाण्याला हिशेबातच धरत नाही. हे समजावून सांगितल्यावर त्यांनी यंत्राकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, ‘मोजून घेतलेलंच पाणी चालतं? मग आमच्या वस्तीत एक दिवस ऱ्हाऊन दाखवावं त्यानं.’ एवढं बोलून त्यांनी यंत्रातली सगळी भांडी बाहेर काढली, अर्ध्या बादलीत घासली, उरलेल्या अर्ध्या बादलीत विसळली आणि चहा घेऊन गेल्या.

तेव्हा वाचकहो, यंत्राने शिट्टी मारली तर मोटर गेली असं लगेच मानू नका. आधी नळ, मग पाइप, मग जाळी, मग दार, मग तळ, हाच क्रम धरा. यातलं निम्मं काम फुकट होतं. यंत्र अजून घेतलं नसेल आणि घर सर्वांत वरच्या मजल्यावर असेल, तर दुकानात जाण्यापूर्वी गच्चीवर जा, टाकी आणि ओटा यांतलं अंतर मोजा. ते पाच मीटरच्या आत भरलं, तर आधी पंपाचा ठराव मंजूर करून घ्या आणि मगच पैसे भरा. तोवर मावशींना धरून राहा. त्यांना किमान दाब लागत नाही. फक्त त्यांच्यावर कोणी दाब टाकायला जाऊ नये.